‘प्लांट’ : एका शब्दाची रोवणी

प्रस्तावना

स्टेशन, तिकीट, ओव्हरटाइम, गेटपास असे कितीतरी इंग्रजी शब्द आपण रोज वापरतो. ज्यांना शाळेत इंग्रजी शिकण्याची संधी मिळाली नाही, अशी माणसेही हे शब्द योग्य जागी, योग्य अर्थाने वापरतात. तरीही त्यांतील अनेकांना वाटते, ‘मला इंग्रजीतले काही कळत नाही.’ हे वाटणे कितपत खरे आहे? प्रस्तुत पाठात आपण ‘प्लांट’ हा एकच शब्द घेणार आहोत. त्याचे अर्थ किती, तो आला कोठून आणि मराठीत तो कसा नांदतो, हे आपण पाहू.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील.
• ‘प्लांट’ या शब्दाचे निरनिराळे अर्थ संदर्भावरून ओळखणे.
• शब्दाचा अर्थ काळानुसार कसा बदलतो, ते सांगणे.
• इंग्रजी व मराठी शब्दांमागील समान कल्पना शोधणे.
• आपल्या लेखनात कोठे कोणता शब्द वापरावा, हे ठरविणे.

मूळ पाठ

१. एका घरातील एक सकाळ

छत्तीसगड राज्याच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे पोलादाचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. नागपूरहून रेल्वेने हावड्याच्या दिशेने निघाले, की गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग ही स्थानके मागे टाकून आपण भिलाईला पोहोचतो. येथील कारखान्यात काम करण्यासाठी देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. म्हणून या नगरीला ‘लघु भारत’ असेही म्हणतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

अशाच एका कुटुंबाची कल्पना करा. गोंदिया जिल्ह्यातील एक शेतकरी स्त्री शेतातील रोवणी आटोपून राखीसाठी भावाकडे आली आहे. सकाळी उठल्यावर ती विचारते, “वहिनी, दादा दिसत नाही?”

“ते प्लांटला गेले, ताई. आज पहिली पाळी आहे,” वहिनी सांगते.

इतक्यात भाचा वही घेऊन येतो. “आत्या, मला प्लांटचे चित्र काढून दे ना! मूळ, खोड, पान, सगळे दाखवायचे आहे.”

आत्या क्षणभर गोंधळते. दादा जेथे गेला आहे त्याला मूळ आणि खोड कसे असेल? मग वहिनी हसून खिडकीतील वेलीकडे बोट दाखविते. “तो दुसरा प्लांट, ताई. हा आमचा मनी प्लांट आहे ना, तसला.” दुपारी शेजारच्या काकू येतात. त्यांच्या दिरांवर नागपुरात मूत्रपिंडाची शस्त्रक्रिया व्हायची आहे. त्या म्हणतात, “ट्रान्सप्लांटची तारीख मिळाली एकदाची.”

एकाच दिवसात एकाच घरात हा शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी आला. पहिल्यांदा त्याचा अर्थ होता कारखाना, दुसऱ्यांदा वनस्पती आणि तिसऱ्यांदा, दुसऱ्या शब्दात मिसळून, शरीरातील अवयव बसविणे. घरातील कोणाचेही या शब्दावाचून अडले नाही. गोंधळली ती केवळ आत्या, आणि तीही क्षणभरच. ‘पहिली पाळी’, ‘मूळ, खोड, पान’, ‘तारीख मिळाली’ या शेजारच्या शब्दांनी अर्थ उलगडून दाखविला. शब्दाचा नेमका अर्थ तो शब्द ज्या वाक्यात येतो, त्या वाक्यात शोधावा लागतो, ही या प्रसंगातून मिळणारी पहिली शिकवण होय.

२. शब्दाचे मूळ

या तिन्ही अर्थांचा परस्परांशी काही संबंध आहे काय? तो समजण्यासाठी शब्दाच्या मुळापर्यंत गेले पाहिजे.

‘प्लांट’ हा शब्द इंग्रजीने लॅटिन भाषेतून घेतला. लॅटिन ही प्राचीन रोमन लोकांची भाषा. तिच्यात ‘प्लांता’ म्हणजे नवा कोंब, किंवा जमिनीत लावण्यासाठी कापून घेतलेली फांदी. आणि ‘प्लांतारे’ म्हणजे अशी फांदी जमिनीत लावणे. लक्षात घ्या, ‘प्लांता’ म्हणजे कोणतीही वनस्पती नव्हे. माणसाने हाताने लावलेले रोप, एवढाच तिचा मूळ अर्थ होता. रानात आपोआप उगवलेल्या झाडाझुडपांसह सर्व वनस्पतींना ‘प्लांट’ म्हणण्याची रीत इंग्रजीत पुष्कळ उशिरा, सोळाव्या शतकात रूढ झाली.

लॅटिनमध्ये ‘प्लांता’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : पायाचा तळवा. काही भाषाभ्यासकांच्या मते हे दोन अर्थ एकमेकांशी जोडलेले असावेत. रोप लावल्यावर त्याच्या बुंध्याभोवतीची माती आपण पायाने दाबून घट्ट करतो. त्या तळव्यावरून रोपाला नाव मिळाले असावे, असा त्यांचा तर्क आहे. हा तर्क पुढे नेणारे अभ्यासक असेही म्हणतात, की तळवा सपाट व पसरट असतो. आणि ‘पसरणे’ हा अर्थ असलेल्या ज्या प्राचीन धातूपासून तो लॅटिन शब्द झाला, त्याच धातूच्या कुळात संस्कृतमधील ‘पृथू’ (विस्तीर्ण) आणि ‘पृथ्वी’ हे शब्दही येतात. संस्कृत आणि लॅटिन या एकाच भाषाकुळातील भाषा असल्यामुळे असे दूरचे नाते संभवते.

३. रोपापासून कारखान्यापर्यंत

रोप लावणे म्हणजे काय? ते एका जागी पक्के बसविणे, म्हणजे ते तेथे स्थिर होईल आणि वाढेल. इंग्रजी भाषकांनी ‘प्लांट’ या क्रियापदातील ‘पक्के बसविणे’ हा भाग उचलला आणि तो इतर गोष्टींनाही लावला. ध्वज उभारणे, खांब पुरणे, नवी वसाहत स्थापन करणे या क्रियांसाठीही ते हेच क्रियापद वापरू लागले. ‘प्लँटेशन’ या शब्दाला ‘वसाहत’ हा अर्थ मिळाला, तो असाच. पुढे त्या वसाहतींमधील ऊस, कापूस, चहा यांच्या विस्तीर्ण लागवडींनाही तोच शब्द लागू झाला. आपण ज्यांना चहाचे मळे म्हणतो, ती इंग्रजीत ‘टी प्लँटेशन’ होत.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये औद्योगिक क्रांती झाली. त्यापूर्वी विणकर घरात मागावर काम करीत असे. आता मोठी, जड यंत्रे आली. ती आज येथे तर उद्या तेथे हलविता येत नसत. त्यांच्यासाठी जमिनीत पाया खणावा लागे आणि त्यावर ती बसवून पक्की करावी लागत. जमिनीत रोवलेल्या या यंत्रसामग्रीला त्या शतकाच्या अखेरीस ‘प्लांट’ म्हणू लागले. नंतर यंत्रे, त्यांवरील छप्पर आणि सभोवतालचा परिसर मिळून सबंध कारखान्यालाच ते नाव पडले. अशा रीतीने हिरव्या कोंबाचे नाव पोलादी यंत्राला मिळाले. कोंब आणि यंत्र यांत दिसायला काहीही साम्य नाही. साम्य आहे ते ‘रोवण्या’च्या क्रियेत.

ऐकून नवल वाटेल, पण आपल्या ‘कारखाना’ या शब्दाचाही असाच प्रवास झाला आहे. तो फारसी भाषेतून आला. ‘कार’ म्हणजे काम आणि ‘खाना’ म्हणजे जागा किंवा घर. शिवकालीन राज्यकारभारात ‘अठरा कारखाने’ होते. त्यांत धान्य, दारूगोळा, जवाहीर यांसारख्या वस्तूंची कोठारे व खाती मोडत. आज ‘कारखाना’ म्हटल्यावर धुराडे आणि यंत्रे डोळ्यांसमोर येतात; पश्चिम महाराष्ट्रात तर नुसते ‘कारखाना’ म्हटले तरी साखर कारखाना असाच अर्थ घेतला जातो. तेव्हा ‘प्लांट’ परका आणि ‘कारखाना’ मात्र मूळचा आपला, असा भेद करता येत नाही. दोन्ही पाहुणेच, एक आधी आला आणि घरचा झाला, दुसरा नंतर आला.

४. भिलाईत रुजलेला शब्द

‘प्लांट’ हा शब्द भिलाईत केव्हा आला, ते सांगता येते, कारण त्या शहराचा जन्मच या शब्दाबरोबर झाला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि भिलाई येथे वर्षाला दहा लाख टन पोलाद निर्माण करणारा कारखाना उभारण्याचे ठरले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहरा येथील खाणींतून लोहखनिज येऊ लागले आणि नंदिनी येथून चुनखडी. भट्टीत तप्त हवेचा झोत सोडून खनिजापासून लोखंड वेगळे होऊ लागले. पुढे कारखान्याची क्षमता कित्येक पटींनी वाढली. भारतीय रेल्वेच्या रुळांसाठी भिलाईचे नाव देशभर झाले.

पण ही जमीन पूर्वी ओसाड नव्हती. छत्तीसगडला भाताचे कोठार म्हणतात. कारखान्यासाठी आणि नगरासाठी अनेक गावांतील शेती संपादित झाली. जेथे पिढ्यान्पिढ्या धान पिकत होते, तेथे यंत्रांचे पाये खणले गेले. काही शेतकऱ्यांच्या घरांतील पुढची पिढी त्याच कारखान्यात कामाला लागली. काहींच्या वाट्याला केवळ दूर जाणे आले. शब्दकोशात ‘प्लांट’ या शब्दाचे ‘रोप’ आणि ‘कारखाना’ हे दोन अर्थ एकाखाली एक शांतपणे छापलेले असतात. भिलाईच्या परिसरातील वृद्ध शेतकऱ्याला मात्र या दोन ओळींमधील अंतर चांगले ठाऊक असते, कारण ते त्याने आपल्या आयुष्यात पार केलेले असते.

या कारखान्याचे अधिकृत हिंदी नाव ‘भिलाई इस्पात संयंत्र’ असे आहे. मराठीत आपण त्याला भिलाईचा पोलाद कारखाना म्हणतो. कामगार मात्र घरी सांगताना ‘प्लांट’ हाच शब्द वापरतात. या मोठ्या प्लांटच्या आत पुन्हा लहान प्लांट आहेत. बारीक खनिजाचे डिखळे बनविणारा सिंटर प्लांट, वीज निर्माण करणारा पॉवर प्लांट, पोलाद शुद्ध करण्यासाठी प्राणवायू पुरविणारा ऑक्सिजन प्लांट, असे त्याचे विभाग आहेत. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांना प्राणवायू कमी पडू लागला, तेव्हा पोलाद कारखान्यांतील या ऑक्सिजन प्लांटमधून द्रवरूप प्राणवायू टँकरने आणि रेल्वेने ठिकठिकाणी पाठविण्यात आला. त्यात भिलाईचाही मोठा वाटा होता. त्या दिवसांत खेड्यापाड्यांतील ज्या माणसांनी पूर्वी ‘ऑक्सिजन प्लांट’ हे शब्द ऐकलेही नव्हते, त्यांच्या तोंडी ते आले. गरज शब्दांना किती वेगाने रुजविते, याचे हे अलीकडचे उदाहरण होय.

५. आपली ‘रोवणी’

आता पुन्हा आत्याकडे वळू. ती रोवणी आटोपून आली आहे, असे आपण म्हटले होते. गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत भाताची रोपे उपटून चिखलात लावण्याच्या कामाला रोवणी म्हणतात; कोकणात त्यालाच लावणी म्हणतात. आधी लहान वाफ्यात रोपे वाढवायची, मग ती उपटून मोठ्या बांधीत नव्याने लावायची. इंग्रजीत या कामाला कोणता शब्द आहे? ‘ट्रान्सप्लांट’! ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे. एका जागचे रोप उचलून पलीकडच्या जागी लावणे, हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. डॉक्टरांनी तो शेतातून उचलला आणि शस्त्रक्रियेला दिला.

मराठीनेही अगदी हेच केले. ‘रोवणे’ हा शब्द संस्कृतमधील ‘रोपण’ या शब्दापासून आला. त्याच्या मुळाशी ‘रुह्’ हा धातू आहे. ‘रुह्’ म्हणजे वाढणे, वर चढणे. या एका धातूपासून मराठीत किती शब्द आले, ते पाहा.

• रोप, रोपटे, रोपवाटिका, वृक्षारोपण : वाढविणे, लावणे.
• रोवणे : पक्के बसविणे. उदा., खांब रोवणे, झेंडा रोवणे, पाय रोवणे.
• आरोह, आरूढ : वर चढणे.
• व्रणरोपण : आयुर्वेदात जखम भरून आणणे. नव्या कातडीची वाढ, म्हणून हेही रोपणच.
• प्रत्यारोपण : पुन्हा लावणे. १९९४ साली संसदेने अवयव प्रत्यारोपणाविषयी जो कायदा केला, त्याच्या मराठी नावात हाच शब्द येतो.
• आरोप : एका वस्तूवर दुसरी वस्तू लादणे.

शेवटचा शब्द विशेष आहे. अलंकारांच्या पाठात तुम्ही ‘रूपक’ शिकला असाल. ‘मुख हाच चंद्र’ असे म्हणताना आपण मुखावर चंद्राचा ‘आरोप’ करतो. त्यात निंदा नाही. मात्र एखाद्यावर दोष लादला, की तो दोषारोप होतो. व्यवहारात त्यातील ‘दोष’ गळाला आणि ‘आरोप’ एवढाच शब्द उरला. इंग्रजीतही निरपराध माणसाच्या घरात गुपचूप खोटा पुरावा ठेवला, तर तो ‘प्लांट केला’ असे म्हणतात. मुद्दाम पसरविलेल्या बातमीला आपण ‘पेरलेली बातमी’ म्हणतो. पेरणे, रोपणे, लावणे ही शेतकऱ्याची चांगली कामे. माणसाने ती वाईट हेतूसाठीही वापरली आणि भाषेने त्याची नोंद ठेवली.

एवढे पाहिल्यावर काय दिसते? रोप लावण्याच्या क्रियेवरून लॅटिन आणि इंग्रजी बोलणाऱ्यांनी जो विचार केला, तोच विचार संस्कृत आणि मराठी बोलणाऱ्यांनीही केला. चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या आत्याला ‘ट्रान्सप्लांट’ हा शब्द नवा असेल. पण त्यातील कल्पना तिच्या हातांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

६. कायद्यातील ‘प्लांट’

काही वेळा शब्दाचा अर्थ चुकला, तर नुकसान होऊ शकते. म्हणून कायद्यात शब्दांची व्याख्या करावी लागते. १९६१ च्या आयकर अधिनियमातील ‘प्लांट’ची व्याख्या पाहण्यासारखी होती. व्यवसायासाठी वापरली जाणारी जहाजे, वाहने, पुस्तके, शास्त्रीय उपकरणे आणि शस्त्रक्रियेची साधने या सर्वांचा तिने ‘प्लांट’मध्ये समावेश केला होता. पुढे याच व्याख्येतून चहाची झुडपे वगळण्यात आली. म्हणजे त्या कायद्याच्या दृष्टीने वकिलाचे पुस्तक ‘प्लांट’ होते आणि चहाचे झुडूप मात्र ‘प्लांट’ नव्हते!

कामगारांशी संबंधित असेही एक उदाहरण आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली एक कलम घालण्यात आले. कारखान्यातील ‘प्लांट’ सुरक्षित ठेवणे हे कारखाना चालविणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे ते कलम सांगत होते. येथे ‘प्लांट’ म्हणजे सबंध कारखाना नव्हे, तर त्यातील यंत्रसामग्री. ‘कारखाना सुरक्षित ठेवावा’ असे म्हटले, तर कुंपण आणि पहारेकरी एवढाच अर्थ कोणी काढू शकेल. ‘यंत्रसामग्री सुरक्षित ठेवावी’ असे म्हटले, तर आपण ज्या यंत्रावर उभे राहून काम करतो, त्याविषयी बोलता येते. शब्दाचा नेमका अर्थ ठाऊक असलेला कामगार आपला हक्क नेमकेपणाने मागू शकतो.

७. वापर कसा करावा?

परभाषेतील शब्द मराठीत आला, की तो मराठीचे व्याकरण पाळू लागतो. ‘कारखाना’ पुल्लिंगी असल्यामुळे आपण ‘मोठा प्लांट’, ‘प्लांट बंद झाला’ असे म्हणतो. ‘प्लांटला’, ‘प्लांटचा’, ‘प्लांटमध्ये’ असे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये लावतो. वेलीच्या बाबतीत मात्र ‘मनी प्लांट लावला’ आणि ‘मनी प्लांट लावले’ असे दोन्ही प्रयोग ऐकू येतात, कारण कोणाच्या मनात ‘वृक्ष’ असतो, तर कोणाच्या मनात ‘झाड’.

लिहिताना एवढेच ध्यानात ठेवावे, की वाचणाऱ्याला अर्थ लागला पाहिजे. संस्थेचे नाव असेल, तेथे ते जसेच्या तसे लिहावे. सर्वसाधारण अर्थाने ‘कारखाना’ लिहावे. तांत्रिक लेखनात ‘संयंत्र’ किंवा ‘यंत्रसामग्री’ यांतून योग्य तो शब्द निवडावा. झाडांविषयी लिहिताना ‘रोप’, ‘झाड’, ‘वेल’, ‘वनस्पती’ असे नेमके शब्द आपल्याजवळ आहेत. त्यांच्या जागी ‘प्लांट’ आणण्याची गरज नाही. घरी बोलताना मात्र ‘दादा प्लांटला गेला’ हेच वाक्य सहज आणि योग्य आहे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

संध्याकाळी दादा पाळीहून परतला असेल. आत्याने भाच्याच्या वहीत चित्र काढून दिले असेल. ते बहुधा भाताच्या रोपाचे असेल, कारण ते तिला न पाहताही काढता येते. त्याखाली भाचा इंग्रजीत जे अक्षर-अक्षर जोडून लिहील, तेच नाव दादाच्या कामाच्या ठिकाणाचे आहे. आता हे आत्याला सांगितले, तर ती गोंधळणार नाही. ‘दोन्ही रोवलेलेच की!’ असे ती म्हणेल.

शब्दार्थ

रोवणी – भाताची रोपे उपटून दुसरीकडे लावण्याचे काम
बांधी – बांध घातलेले भाताचे शेत
झोतभट्टी – तप्त हवेच्या झोताने खनिजापासून लोखंड वेगळे करणारी भट्टी
संयंत्र – एकत्रितपणे काम करणारी यंत्रसामग्री
व्रण – जखम

पाठगत प्रश्न

१. कंसांतील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(अ) लॅटिनमधील ‘प्लांता’ या शब्दाचा एक अर्थ ........ असा आहे. (पायाचा तळवा / हाताची मूठ / झाडाचे फळ)
(आ) ‘कारखाना’ हा शब्द ........ भाषेतून मराठीत आला. (पोर्तुगीज / फारसी / इंग्रजी)
(इ) ‘रोप’ व ‘आरोप’ या शब्दांच्या मुळाशी ........ हा धातू आहे. (रुह् / कृ / गम्)

२. पुढील वाक्यांत ‘प्लांट’ या शब्दाचा अर्थ कोणता, ते लिहा.
(अ) दुरुस्तीसाठी दोन दिवस प्लांट बंद राहील.
(आ) सावलीतही चांगला वाढणारा एखादा प्लांट सांगा.
(इ) त्याच्या पिशवीत कोणीतरी चोरीचा माल प्लांट केला होता.

पाठान्त प्रश्न

१. रोपाचे नाव कारखान्याला कसे मिळाले, ते आपल्या शब्दांत आठ ते दहा ओळींत सांगा.
२. ‘शब्दाचा नेमका अर्थ ठाऊक असलेला कामगार आपला हक्क नेमकेपणाने मागू शकतो.’ या विधानाविषयी तुमचे मत सोदाहरण लिहा.
३. उपक्रम : तुमच्या कामाच्या ठिकाणी रोज वापरले जाणारे पाच इंग्रजी शब्द लिहा. प्रत्येकाचा तेथील अर्थ आणि शब्दकोशातील अर्थ यांची तुलना करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) पायाचा तळवा (आ) फारसी (इ) रुह्
२. (अ) कारखाना (आ) झाड, वनस्पती (इ) गुपचूप ठेवणे